विरजण आहे का?

आमच्या मंडळीतल्या बायकांची दर गुरुवारी दुपारी साडेतीनला प्रार्थनासभा असते. (मंडळी म्हणजे आमच्याकडे चर्चचे सभासद. ज्यांना हा शब्द नवीन आहे त्यांचा उगाच घोटाळा नको.) या सभेची एक वही आहे, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. तीत प्रार्थनेच्या विनंत्या लिहायच्या. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची दहावी, कुणाच्या मुलीचं जमत नाही, कुणाचा भावकीशी बांधावरून वाद. गेली बारा-तेरा वर्षं ही वही माझ्याकडे आहे. अक्षर बरं आहे आणि बी.ए.ला मराठी होतं, एवढ्या भांडवलावर बाई आमच्याकडे आपोआप चिटणीस होते!

परवा कपाट आवरताना जुन्या वह्या हाताला लागल्या. चाळत बसले. २०१८च्या वहीत माझ्याच अक्षरात एक ओळ होती, 'शेजारच्या बहिणीच्या घरात शांती नांदावी म्हणून.' पुढे तीच ओळ पुन्हा. मग पुन्हा. मोजल्या तर वर्षभरात अकरा वेळा. आणि त्या वर्षभरात मी तिचं दार एकदाही ठोठावलेलं नव्हतं. मैत्रिणींनो, हे चारचौघांत सांगायला लाज वाटते. पण आज लिहायचंय ते त्या अकरा ओळींबद्दलच.

आम्ही नगरला राहतो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच येतं. आमची बैठ्या घरांची गल्ली आहे, दोन घरांत एकच भिंत. तिच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजू शकते आणि माझ्या घरचं भांडण तिला ऐकू जात असणार. नवरा टेम्पो चालवायचा. पगाराच्या दिवशी पिऊन यायचा, पुढे पुढे कुठल्याही दिवशी. मग भिंतीपलीकडून आवाज यायचे. आधी मोठ्यानं बोलणं, मग भांडं पडल्याचा आवाज, मग एकदम शांतता. त्या शांततेत मी आमच्या टीव्हीचा आवाज वाढवायची. मुलाला ऐकू जायला नको म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे.

दुसऱ्या दिवशी ती नळावर भेटायची. गालावर हात ठेवून बोलायची, दात दुखतोय म्हणायची. मीही 'लवंग धरा हो वहिनी' म्हणायची! दोघींनाही ठाऊक होतं, दात नाही. एकदा तिनं धीर करून विषय काढलाच, तर मी काय म्हणावं? "सोसा वहिनी. दिवस काय असेच राहत नाहीत." आमच्या सभेतल्या एका वडीलधाऱ्या बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "प्रभूनं नाही का क्रूस वाहिला? बाईच्या जातीला सहन करावंच लागतं." मी मान हलवली आणि वहीत ओळ लिहिली. कामं मी पुष्कळ करत होते बरं का. बचत गट होता, झोपडपट्टीत शनिवारी मुलींचा वर्ग होता, नाताळात ब्लँकेटवाटप होतं. सगळं घरापासून दोन-तीन किलोमीटरवर. भिंतीला लागून काही नव्हतं.

आमच्या समोर एक खाला राहतात. साठी उलटलेली, एकट्या, पिको-फॉल करून पोट भरतात. २०१९च्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहा-अकराचा सुमार, पलीकडे सुरू झालं होतं. मी खिडकीचा पडदा जरासा सारून पाहिलं, तर खाला हातात स्टीलची वाटी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. वहिनींच्या दाराची कडी वाजवली. आतला आवाज थांबला. दार उघडलं. खाला शांतपणे म्हणाल्या, "विरजण आहे का गं बेटी? दूध कोमट करून बसलेय." वहिनी आत गेल्या, चमचाभर दही वाटीत घालून आणलं. खाला लगेच निघाल्या नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी पाणी मागितलं, उकाड्याबद्दल बोलल्या, टेम्पोच्या धंद्याची चौकशी केली. अर्धा तास गेला. नवरा पेंगून झोपला.

सकाळी मी सहज विचारावं तसं विचारलं, "खाला, एवढ्या रात्री दही लावता?"

त्या हसल्या. "दही कशाचं! फ्रीजात भांडं भरलेलं आहे. पण दारात माणूस उभं राहिलं की वर गेलेला हात खाली येतो. आमच्या वेळेला दारात कुणी आलं नाही बेटी, म्हणून मी जाते."

एवढंच बोलल्या आणि मशीनवर बसल्या. महिन्यातनं तीन-चारदा त्या विरजण मागायला जायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. शेजारी राहून!

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ख्रिस्ती नसलेल्यांनाही माहीत असते. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर एकाला लुटारूंनी अर्धमेला करून टाकलं. याजक आला, बघून पलीकडनं निघून गेला. लेवी आला, तोही गेला. मग शोमरोनी आला, ज्याच्याशी यहुदी माणसं सोयरिकी सोडाच, नीट बोलतही नसत. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं. दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दीनार देऊन, जास्त खर्च झाला तर परतताना देईन म्हणाला. संडेस्कूलमध्ये मी ही गोष्ट किती वर्षं शिकवली! फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून. आणि दर वेळी मनात स्वतःला शोमरोनी समजूनच. त्या दिवशी खालांच्या ओट्यावरून घरी येताना पहिल्यांदा कळलं की गोष्टीत मी आहे, पण बघून पलीकडनं जाणारी. बिचाऱ्या याजकालाही घाईच असणार. त्याचीही कुठंतरी सभा असेल, आणि वहीसुद्धा त्याच्याचकडे असेल!

आमच्याकडे या गोष्टीवर प्रवचनं होतात ती करुणेवर. माझं गृहिणीचं डोकं. मला त्यातला हिशोब दिसतो. एक दीनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. म्हणजे या माणसानं दोन दिवसांचा रोज दिला, एक रात्र जागला, आणि मग आपल्या कामाला निघून गेला. सगळं सोडून तिथंच बसला नाही. घरसंसार असलेल्या बाईला हे फार धीराचं आहे. शेजारधर्म म्हणजे संन्यास घेणं नव्हे. एक वाटी, अर्धा तास, आणि परत येईन हा शब्द. पण ते पाळायचं भिंतीपलीकडे, ब्लँकेटं वाटायच्या ठिकाणी नव्हे. लांबच्या माणसावर प्रेम करणं सोपं असतं. तो दुसऱ्या दिवशी नळावर भेटत नाही.

आता 'सोसा वहिनी' याविषयी. हा शब्द मी किती जणींना दिला असेल, देव जाणे. आपल्याकडे, आणि यात धर्म कुठलाही असो, सोसणाऱ्या बाईचं फार कौतुक. आमच्यात त्याला क्रुसाची जोड मिळते, म्हणजे मग बोलायची सोयच नाही. पण मला आता हे साफ चुकीचं वाटतं. येशूनं स्वतःहून काही सोसलं म्हणून दुसऱ्यानं दिलेला मार बाईनं मुकाट्यानं खावा, हा अर्थ कुणी काढला? सोसणं निराळं आणि तग धरणं निराळं. सोसणारी बाई आतून झिजत जाते. तग धरणारी वाट शोधत असते.

पंडिता रमाबाई आठवतात अशा वेळी. ऐन तारुण्यात दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात तान्ही मुलगी. शेवटी १९२१ मध्ये ती मनोरमाही आईच्या आधी गेली. एवढं सोसलेली बाई, पण तिनं कुठल्या बाईला 'सोस' म्हणून सांगितलं नाही. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन उपाशी मुली-बायका आणल्या आणि केडगावला मुक्ती सदनात त्यांच्या हाताला काम दिलं. शेती, विणकाम, छापखाना. त्या छापखान्यात बायका टाइप जुळवत होत्या. ती संस्था आजही चालू आहे. मला वाटतं, उपाशीपोटी वणवण केलेली असल्यामुळेच रमाबाईंना त्या मुली केवळ 'गरीब बिचाऱ्या' वाटल्या नसतील. आमच्या खालांचंही तेच. 'आमच्या वेळेला दारात कुणी आलं नाही,' म्हणूनच त्या गेल्या.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्याच जणींना उपयोगी आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५चा, तो २६ ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. मी समाजकार्य करणारी म्हणवून घेते, तरी त्यातलं चौथं कलम मी तेव्हाच नीट वाचलं. एखाद्या घरात हिंसा होते आहे असं मानायला जागा असेल, तर कुणीही, हो, शेजारीसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. आणि चांगल्या हेतूनं कळवलं तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. कायदा करणाऱ्यांना भिंतीपलीकडचा माणूस आठवला होता, आम्हालाच तो आठवला नव्हता! बाईला घटस्फोट घ्यावा लागत नाही, घरही सोडावं लागत नाही. राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क याच कायद्यात आहे. आता १८१ ही महिला हेल्पलाइनही आहे.

खाला, मी आणि वहिनी, तिघी मिळून संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो. जायचं की नाही हे वहिनींनीच ठरवलं, आम्ही फक्त सोबतीला. अहवाल झाला, प्रकरण कोर्टात गेलं, तारखा पडल्या. हात उगारायचा नाही, असा आदेश मिळाला. सगळं गोड झालं असं मात्र मी लिहिणार नाही. नवऱ्याची दारू सुटलेली नाही. एकदा आदेशानंतरही हात उठला, तेव्हा वहिनी स्वतः पोलीस ठाण्यात गेल्या. पण त्या दरम्यान त्यांनी बचत गटातून कर्ज काढून पोळी-भाजीचे डबे सुरू केले, आणि गालावर हात ठेवून बोलणं बंद झालं. आता त्या भांडतात! मोठ्यानं, भिंतीपलीकडे ऐकू येईल असं. मला तो आवाज आवडतो.

इथपर्यंतची गोष्ट सांगून मी थांबले असते तर माझी बाजू जरा सावरली असती. पण खरा धडा मला २०२१ मध्ये मिळाला. एप्रिलमधली दुसरी लाट. ह्यांना करोना झाला, साखरेचा आजार आधीच होता, ऑक्सिजनची पातळी घसरायला लागली. बेडसाठी सतरा फोन केले तेव्हा एका ठिकाणी जागा मिळाली. पाठोपाठ मी पॉझिटिव्ह, मुलगा पॉझिटिव्ह. घराच्या दाराशी कुणी येईना. चर्च बंद. मंडळीतल्या बायका फोनवर प्रार्थना करत होत्या. मनापासून करत होत्या, पण त्यांच्याही घरी तीच परिस्थिती होती. तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, फाटकाला पिशवी अडकवलीय." डबा होता. ज्वारीची भाकरी, मुगाची पातळ आमटी, वर कागदात बांधलेलं लिंबू.

वहिनींना फोन केला आणि म्हटलं, "अहो, कशाला त्रास घेता? आम्ही करू काहीतरी. तुमचे डबे बंद, त्यात तुमची ओढाताण..." उगाच लांबण लावत राहिले. खरं सांगू? मला ते घेववत नव्हतं. जिच्या नावानं मी अकरा वेळा वहीत लिहिलं, जिला मी मदत केली असं मनात धरून होते, तिच्या हातचं घ्यायचं म्हणजे आपण कुठंतरी खाली येतो, असं आत काहीतरी होतं. त्याला अहंकार म्हणतात हे तेव्हा सुचलं नाही.

पलीकडे क्षणभर शांतता. मग वहिनी म्हणाल्या, "बाई, तुम्ही देता तेव्हा मी घेते ना? मग मी दिलं की तुम्हाला का चालत नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. सोळा दिवस त्या घरचं जेवण आमच्याकडे आलं. हे बरे होऊन घरी आले, देवाची कृपा. त्या वर्षी सगळ्यांचं असं झालं नाही. आमच्याच मंडळीतली तीन माणसं गेली, त्यामुळे कृपा हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरते.

अंथरुणावर पडल्या पडल्या ती शोमरोन्याची गोष्ट पुन्हा आठवत होती. शास्त्र्यानं विचारलं होतं, माझा शेजारी कोण? येशूनं गोष्ट सांगून उलटंच विचारलं की, लुटलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला? म्हणजे गोष्ट बघायची ती खाली पडलेल्याच्या डोळ्यांनी. त्या यहुद्याला शोमरोन्याच्या हातची पट्टी, त्याचं तेल, त्याचं जनावर चालवून घ्यावं लागलं. दुसरी गोष्ट विहिरीवरची. भर दुपारी थकून बसलेला येशू एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो आणि ती चकित होते, कारण त्यांच्या भांड्याला हे लोक शिवत नसत. या गोष्टीतली मेख आपल्या महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. कुणाच्या हातचं पाणी चालतं नि कुणाच्या नाही, यावर आपल्या गावांच्या विहिरी वाटलेल्या होत्या. आमच्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळकांचीही सोवळ्याची वेगळी चूल एका दिवसात मोडली नव्हती. आपली ही ओढाताण त्यांनी 'स्मृतिचित्रे'त किती मोकळेपणानं सांगितली आहे! सोवळं फक्त जातीचंच असतं असं नाही. देणाऱ्याचंही एक सोवळं असतं. मी देईन, पण तुझ्याकडून घेणार नाही. समाजकार्य करणाऱ्या आम्हा बायकांत ते फार. आम्हाला लाभार्थी हवे असतात, शेजारी नको असतात.

एक नाजूक गोष्ट इथं टाळून चालणार नाही. ख्रिस्ती बाई दुसऱ्याच्या दारात मदतीला गेली की हल्ली लोक विचारतात, "ह्यांचा यात काय हेतू?" मलाही विचारलं गेलं, आमच्याच गल्लीत. वाईट वाटतं. आणि आमच्यातल्या काही जणी विचारतात, "साक्ष दिलीस का तिला?" त्याचंही मला तितकंच वाईट वाटतं. वहिनींच्या घरी देव्हारा आहे, खाला पाच वेळा नमाज पढतात, आणि मी कुणाला काही बदलायला सांगितलेलं नाही. मोबदल्यात काही मिळावं म्हणून वाटी नेली, तर ते विरजण नव्हे, उधारी झाली. माझा विश्वास माझ्यापुरता पक्का आहे. येशूनं शेजाऱ्याला जात-धर्म विचारून मग प्रीती करायला सांगितलं असतं, तर त्यानं गोष्टीसाठी शोमरोनी कशाला निवडला असता?

तर मग प्रार्थना सोडली का? अजिबात नाही. वही अजून आहे. फक्त त्या आजारपणानंतर मी पट्टीनं एक रकाना जास्त आखला. विनंतीच्या पुढे, 'कोण जाणार?' सुरुवातीला कुरबूर झाली. "घरातली भांडणं चव्हाट्यावर आणायची का?" "आपण काय पोलीस आहोत?" दोघी-तिघींनी विनंत्या लिहून घेणंच थांबवलं. खरं तर हा रकाना बऱ्याचदा कोराच राहतो, कधी माझ्याकडूनही. गेल्या महिन्यात मात्र ज्या वडीलधाऱ्या बाईंनी क्रुसाचा दाखला दिला होता, त्यांनीच एका विनंतीपुढे स्वतःचं नाव सांगितलं. भाचीच्या घरचंच प्रकरण होतं. मी काही बोलले नाही, लिहून घेतलं.

गल्लीच्या टोकाच्या घरात दिवाळीनंतर नवीन जोडपं राहायला आलंय. मुलगी विशीतली, मराठी मोडकं बोलते. परवा रात्री तिकडून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओट्यावरची वाटी उचलली आणि चप्पल घालायला लागले, तर समोरून खाला निघालेल्या, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे काठी टेकत. आम्ही दोघी एकदमच दारात पोचलो. मुलीनं दार उघडलं, तर खोलीभर पसारा, एक मोडका कपाटाचा खण, आणि घाम पुसत उभा असलेला तिचा नवरा. दोघं मिळून कपाट सरकवत होती!

आता दोन म्हाताऱ्या-कोताऱ्या रात्री अकराला वाट्या घेऊन दारात उभ्या. काय सांगणार? विरजण मागितलं. मुलगी म्हणाली, "दही नाहीये, पण दूध आहे, देऊ?" खालांनी दूध घेतलं, मीही घेतलं. घरी येऊन त्याचा चहा केला, तर हे म्हणतात, "रोज रात्री चहा पाजणार असशील, तर जात जा."